कागदावर निजलेले सूर

मुंबई, पुणे किंवा गोव्यात पियानो शिकणारं मूल परीक्षा देतं ती बहुधा लंडनच्या एखाद्या मंडळाची. परीक्षेच्या पुस्तकात बाख असतो, मोझार्ट असतो, चायकोव्हस्की असतो. त्यांच्याच शेजारच्या पानांवर टॉमस डनहिल, फेलिक्स स्विन्स्टेड, वॉल्टर कॅरल, यॉर्क बोवेन अशी नावं भेटतात. बाखचा निदान चेहरा तरी मुलाला ठाऊक असतो, क्लासच्या भिंतीवर त्याचं चित्र लावलेलं असतं. पण हा स्विन्स्टेड कोण? बोवेन कोण? रचना पाठ होते, परीक्षा होते, निकाल लागतो आणि नाव पुस्तकातच राहतं.

यात एक कोडं आहे. परीक्षा घेणारं असोसिएटेड बोर्ड १८८९ साली लंडनमध्ये सुरू झालं, ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षा त्याहून जुन्या. त्याच्याही शंभर वर्षं आधी युरोपातले नावाजलेले पियानो लंडनच्या कारखान्यांत बनत होते. १८१७ च्या अखेरीस लंडनच्या ब्रॉडवूड कंपनीने थेट बीथोव्हनला एक पियानो भेट म्हणून रवाना केला. ज्या देशाने पियानो घडवला, घराघरांत पोचवला आणि त्याच्या परीक्षा जगभर नेल्या, त्या देशाच्या एकाही पियानो-रचनाकाराचं नाव आपल्याला चटकन का आठवत नाही? विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्कर श्मिट्झ या जर्मन लेखकाने इंग्लंडवर पुस्तक लिहिलं आणि त्याला ‘संगीत नसलेला देश’ असं नाव दिलं. ते नाव इंग्लंडला कायमचं चिकटलं.

‘त्यांनी चांगलं काही लिहिलंच नसेल’ हे उत्तर सोपं आहे, पण खरं नाही. गेल्या पन्नास-साठ वर्षांत ग्रंथालयांच्या कपाटांतून आणि घरांच्या गॅरेजमधून जे बाहेर आलं, ते ऐकल्यावर हे मी खात्रीने म्हणतो.

विहीर, घागर आणि दोर

आपली बंदिश गळ्यात राहते. गुरूने शिष्याला दिली की ती पुढे चालते, कागद नसला तरी चालतो. युरोपातल्या पियानो-रचनेचं तसं नाही. तिथे रचनाकार प्रत्येक सूर, त्याची लांबी, त्याचा जोर कागदावर लिहून ठेवतो. त्यामुळे रचना शंभर वर्षं जशीच्या तशी टिकू शकते. मात्र ती टिकते मुकेपणाने. कागद वाजत नाही.

तो वाजायचा तर छापील प्रत मिळाली पाहिजे, ती वाजवावीशी वाटणारा वादक पाहिजे, त्याने ती शिष्याला दिली पाहिजे आणि ऐकायला माणसं जमली पाहिजेत. विहिरीत पाणी आहे, घागरही आहे, पण दोर तुटला तर घरात पाण्याचा थेंब येत नाही, तसंच हे. विहीर आटली असा समज होतो, प्रत्यक्षात दोर तुटलेला असतो. ब्रिटिश पियानो संगीताच्या बाबतीत हा दोर वेगवेगळ्या ठिकाणी तुटला. कुठे तो मृत्यूने तुटला, कुठे नोकरीने, कुठे बदलत्या आवडीने, आणि एकाच्या बाबतीत तर रचनाकाराने तो स्वतःच कापला.

लंडनचा पियानो वेगळा का वाजायचा?

पियानोची पट्टी दाबली की आत एक छोटी हातोडी तारेवर आपटते. बोट जोरात पडलं तर नाद मोठा, हलकं पडलं तर मऊ. बोट उचललं की एक गादी तारेवर टेकते आणि नाद थांबतो. १८०० च्या सुमारास व्हिएन्नाच्या पियानोत हातोडी हलकी असे, पट्टी थोडीच खाली जाई, आणि गादी टेकताच नाद झटकन तुटे. स्वच्छ, चपळ आवाज. लंडनच्या पियानोत सगळं जडसर होतं. पट्टी खोल दाबावी लागे, नाद भरदार येई आणि बोट उचलल्यावरही किंचित रेंगाळे.

वाद्याचा स्वभाव रचनेत उतरतोच. सारंगीसाठी सुचेल ते संतुरसाठी सुचत नाही. लंडनमध्ये राहणाऱ्या रचनाकारांना या रेंगाळणाऱ्या नादामुळे भरगच्च स्वरसमूह आणि त्यावर तरंगणारी, गायल्यासारखी सुरावट सुचू लागली. मूळचा रोमचा, पण इंग्लंडमध्ये वाढलेला मुझिओ क्लेमेंटी या घराण्याचा मूळ पुरुष. तो वादक होता, शिक्षक होता, प्रकाशक होता आणि पियानोचा कारखानदारही होता. डब्लिनमध्ये १७८२ साली जन्मलेला जॉन फील्ड त्याचा शागीर्द. गिऱ्हाईक दुकानात आलं की पियानोचा आवाज कसा आहे हे दाखवायला क्लेमेंटी या पोराला वाजवायला बसवत असे. पुढे गुरूबरोबर फील्ड रशियाला गेला, तिथेच राहिला आणि त्याने ‘नॉक्टर्न’ नावाचा प्रकार जन्माला घातला. डावा हात लाटांसारखा मागेपुढे हलतो आणि उजवा हात त्यावर रात्रीचं गाणं म्हणतो. हा साचा पुढे शोपँने घेतला आणि शिखरावर नेला. आज नॉक्टर्न म्हटलं की शोपँ आठवतो. फील्डची नॉक्टर्न्स फ्रान्झ लिस्टने स्वतः संपादित करून छापली होती, हे फारसं कुणी सांगत नाही.

वीस वर्षांचा पिंटो

फील्डचा एक तरुण मित्र होता, जॉर्ज फ्रेडरिक पिंटो. नाव वाचून गोव्याच्या वाचकाच्या भुवया उंचावतील, पण या पिंटोंचं मूळ इटलीतल्या नेपल्सचं. जॉर्जचा आजा थॉमस पिंटो लंडनमधला नामांकित व्हायोलिनवादक होता. जॉर्जचा जन्म लंडनच्या लॅम्बेथ भागात १७८५ साली झाला. हायडनला लंडनला आणणारा योहान पेटर सालोमॉन हा त्याचा व्हायोलिनचा गुरू. पोरगा व्हायोलिन आणि पियानो दोन्ही वाद्यांत तरबेज झाला. १८०३ साली, वयाच्या अठराव्या वर्षाच्या आसपास, त्याने पियानोसाठी दोन मोठे सोनाटा, म्हणजे अनेक भागांच्या लांब रचना, प्रसिद्ध केले.

त्यातला पहिला ‘ई-फ्लॅट मायनर’मध्ये आहे. पेटी वाजवणाऱ्याला सांगायचं तर षड्ज काळी दोनवर, आणि सातांपैकी पाच सूर काळ्या पट्ट्यांवर. त्या काळी या स्केलच्या वाटेला फारसं कुणी जात नसे. पिंटो नेमका तिथेच शिरला, कारण त्याला हवा असलेला गडद रंग तिथेच होता. या सोनाटाची सुरुवात ऐकताना कित्येकांना शूबर्ट आठवतो. शूबर्ट तेव्हा व्हिएन्नात सहा वर्षांचा होता! पिंटोने आणखी एक सोनाटा सी मायनरमध्ये लिहिला आणि तो फील्डला अर्पण केला.

१८०६ च्या मार्चमध्ये पिंटो वारला. वय वीस वर्षं. हा मुलगा जगता तर इंग्लंडला दुसरा मोझार्ट मिळाला असता, असं सालोमॉन म्हणाल्याचं नोंदलेलं आहे. गुरूच्या प्रेमाचा भाग त्यातून वजा केला तरी बरंच काही उरतं.

पण पिंटोचा दोर कसा तुटला ते पाहा. त्या काळी रचनाकाराची रचना प्रामुख्याने तो स्वतःच वाजवत असे. स्वतः वाजवायचं, ऐकणाऱ्यांना आवडलं की छापील प्रत खपायची, प्रत खपली की शिष्य यायचे. पिंटो गेला तसा हा गाडा जागच्या जागी थांबला. त्याचे शिष्य नव्हते, पैसेवाला वारस नव्हता, त्याच्या नावाने मैफल भरवणारी संस्था नव्हती. छापलेल्या मोजक्या प्रती कुठल्यातरी ग्रंथालयात जाऊन पडल्या.

आणि प्रत पुन्हा छापणंही सोपं नव्हतं. तेव्हा संगीत छापायचं म्हणजे कथील आणि शिशाच्या मऊ पत्र्यावर एकेक खूण उलटी ठोकायची. दर पानाला एक पत्रा. आपल्याकडच्या जुन्या छापखान्यांत पुस्तक छापून झालं की खिळे सोडवून पुढच्या कामाला घेत, तसं तिथे विक्री थांबली की पत्रे वितळवून धातू पुन्हा वापरायचा. पत्रा वितळला की ती रचना बाजारातून गेलीच.

दीडशेहून अधिक वर्षांनी निकोलस टेम्परली या संशोधकाने पिंटोच्या प्रती शोधल्या, त्याच्यावर लिहिलं, आणि पुढे १९८० च्या दशकात ‘लंडन पियानोफोर्ते स्कूल’ नावाने वीस खंडांची मालिका संपादित केली. जुन्या प्रतींची जशीच्या तशी छायाचित्रं त्यात छापली आहेत. ज्या वादकाला वाजवायचं आहे त्याला आता हातात धरायला कागद मिळाला. दोराचं पहिलं पेड पुन्हा वळलं गेलं.

शूमानचा मित्र आणि शाळेची घंटा

विल्यम स्टर्नडेल बेनेटचं दुर्दैव वेगळं होतं. शेफील्डला १८१६ साली जन्मलेला हा तरुण विशीत लाइपझिगला गेला. मेंडेलसोहनने त्याला आपलं मानलं आणि शूमानने त्याच्यावर भरभरून लिहिलं. शूमानचे ‘सिम्फॉनिक एट्यूड्स’ आज जगभरचे पियानोवादक वाजवतात. ते १८३७ साली छापले गेले तेव्हा अर्पणपत्रिकेत बेनेटचं नाव होतं. बेनेटच्या त्या काळातल्या रचना पाण्यासारख्या नितळ आहेत. ‘सरोवर’, ‘गिरणीचा ओहोळ’ आणि ‘कारंजं’ अशी तीन छोटी चित्रं त्याने पियानोवर काढली, ती तर खरोखर पाण्याचीच.

मग तो मायदेशी परतला आणि शिकवण्यांत अडकला. घर चालवायला दिवसभर शिकवण्या, पुढे केंब्रिजचं प्राध्यापकपद, १८६६ पासून रॉयल अ‍ॅकॅडमी ऑफ म्युझिकचं प्राचार्यपद. याच बेनेटने १८५४ साली बाखचं ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ इंग्लंडमध्ये पहिल्यांदा सादर केलं. दुसऱ्याचं विसरलेलं संगीत वर काढण्यात त्याने जी वर्षं घातली, तीच त्याच्या स्वतःच्या वहीतून वजा झाली.

त्याच सुमारास मैफलीचं रूपही पालटत होतं. चार्ल्स हॅलेने १८६१ साली लंडनमध्ये बीथोव्हनचे सगळे सोनाटा ओळीने वाजवले. ही फार मोठी गोष्ट होती. पण तिच्याबरोबर एक नवी रीतही रुजली. वादक आता स्वतःचं वाजवत नव्हता, दिवंगत थोरांचं वाजवत होता. बीथोव्हन, शोपँ, शूमान, लिस्ट अशी यादी ठरत गेली. यादीत जो नव्हता त्याचं मैफलीत काम नव्हतं, आणि मैफलीत जो वाजत नव्हता तो यादीत यायचा नाही. श्रोते जे ओळखतात तेच तिकीट काढून ऐकायला येतात आणि जे ऐकतात तेच ओळखू लागतात. हे चक्र आजही तसंच फिरतं आहे.

इथे एक स्पष्ट सांगितलं पाहिजे. त्या काळात इंग्लंडच्या दिवाणखान्यांसाठी छापलेलं पुष्कळसं पियानो संगीत बेताचं होतं. पाहुण्यांसमोर मुलीने वाजवावं म्हणून रचलेलं, गोडगोड, एका साच्याचं. ते विसरलं गेलं याचं मला वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की त्या ढिगाखाली पिंटो आणि बेनेटही गाडले गेले.

खंदक आणि क्षय

पहिल्या महायुद्धाने पुढची पिढी कापली. सिडनीत जन्मून इंग्लंडमध्ये वाढलेला फ्रेडरिक सेप्टिमस केली हा पियानोवादक १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये नौकानयनाचं सुवर्णपदक मिळवणाऱ्या चमूत होता. त्याने पियानोसाठी चोवीस ‘मोनोग्राफ’ लिहिले आणि नोव्हेंबर १९१६ मध्ये सॉमच्या लढाईत तो मारला गेला. अर्नेस्ट फॅरार १९१८ मध्ये पडला. त्याच्या स्मरणार्थ फ्रँक ब्रिजने लिहिलेला पियानो सोनाटा पुरा व्हायला १९२४ उजाडलं. शांततावादी ब्रिजच्या त्या सोनाटात मऊपणाला जागा नाही. ऐकताना अंग आक्रसतं.

यॉर्कशरचा विल्यम बेन्स युद्धातून बचावला, पण क्षयाने १९२२ मध्ये त्याला नेलं. वय तेवीस. समुद्र, धुकं, किनारा हे त्याचे आवडते विषय, आणि दोन पानांत तो भरती-ओहोटी उभी करतो.

फॅशनबाहेर गेलेला बोवेन

यॉर्क बोवेन (१८८४–१९६१) दीर्घायुषी होता आणि तरुणपणी चांगलाच प्रसिद्धही होता. सां-साँसारख्या बुजुर्ग फ्रेंच रचनाकाराने त्याची तारीफ केली होती. बीथोव्हनच्या चौथ्या पियानो कॉन्चेर्टोचं जगातलं पहिलं ध्वनिमुद्रण १९२५ साली झालं, त्यात पियानोवर बोवेन होता.

मग दोर कुठे तुटला? महायुद्धानंतर युरोपातल्या संगीताची भाषाच बदलली. कर्कश, तुटक, उपरोधिक सूर हे नवेपणाचं लक्षण ठरलं. बोवेन मात्र रखमानिनॉफच्या वळणाचं, भरल्या हातांचं, मोकळ्या मनाचं संगीत लिहीत राहिला. नवकवितेच्या ऐन बहरात कुणी निष्ठेने रविकिरण मंडळाच्या वळणाची सुनीतं लिहीत बसावं, तसं झालं. समीक्षकांनी त्याला कालबाह्य ठरवलं आणि तो अ‍ॅकॅडमीत शिकवत राहिला. त्याचे २४ प्रिल्यूड १९३८ मध्ये लिहून झाले. बारा सुरांवर प्रत्येकी एक मेजर आणि एक मायनर, असा चोविसांचा हिशेब. ते छापून यायला १९५० उजाडलं.

१९९६ मध्ये स्टीफन हफ यांनी बोवेनच्या रचनांची एक सीडी हायपेरियन कंपनीसाठी वाजवली, आणि पस्तीस वर्षांपूर्वी गेलेला माणूस एकाएकी चर्चेत आला. तोवर फॅशनचं ओझं उतरलं होतं. १९३८ मध्ये ‘जुनाट’ वाटणारं संगीत १९९६ मध्ये नुसतं ‘सुंदर’ वाटू शकलं. काळ पुरेसा पुढे गेला की दोन्ही गोष्टी सारख्याच जुन्या होतात, आणि मग कान निवांतपणे निवड करतो.

सात डब्यांचा स्वयंपाक

आता अशा माणसाकडे वळू ज्याची गोष्ट वाचताना मराठी वाचकाला परकं वाटणार नाही. जॉन फाउल्ड्स, जन्म मँचेस्टर, १८८०. हॅले वाद्यवृंदात तो चेलो वाजवायचा. युद्धात मेलेल्यांसाठी त्याने लिहिलेलं ‘वर्ल्ड रिक्विएम’ १९२३ पासून चार वर्षं लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये प्रचंड ताफ्याने सादर झालं. त्याची जोडीदार मॉड मॅकार्थी व्हायोलिनवादक होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती भारतात येऊन आपलं संगीत शिकली होती आणि बावीस श्रुती गाऊन दाखवायची.

मॉडच्या संगतीत फाउल्ड्सने दक्षिणेकडची मेळपद्धती जाणून घेतली. तिचा हिशेब सोपा आहे. सा आणि प अचल. मध्यम दोन. रे-ग यांच्या जोड्या सहा, ध-नि यांच्या जोड्या सहा. सहा गुणिले सहा, गुणिले दोन, म्हणजे बहात्तर मेळ. याच विचाराच्या प्रकाशात भातखंड्यांनी उत्तरेकडच्या रागांसाठी दहा थाट निवडले. फाउल्ड्सने अशा सप्तकांवर पियानोसाठी ‘एसेज इन द मोड्स’ नावाच्या रचना १९२० च्या दशकात लिहिल्या.

युरोपीय रचनेत सहसा मधेच षड्ज सरकतो, परके सूर पाहुण्यासारखे येऊन जातात आणि त्या ये-जा करण्यातूनच ताण तयार होतो. फाउल्ड्सने स्वतःवर बंधन घालून घेतलं. निवडलेले सात सूर, रचना संपेपर्यंत तेवढेच. स्वयंपाकघरात सातच डबे आणि त्यांतूनच पूर्ण ताट वाढायचं. मग चव आणायची कशातून? तो लय बदलतो, सूर एकावर एक रचून अनोळखी स्वरसमूह घडवतो, पियानोचा तळ आणि टोक एकमेकांना भिडवतो. राग इथे ऐकू येणार नाही, मींड नाही, श्रुती नाहीत. पियानोच्या पट्टीला ते शक्यच नाही. पण ‘या चौकटीबाहेर पाऊल टाकायचं नाही’ ही आपली शिस्त दुसऱ्या भाषेत बोलताना ऐकू येते, आणि तो अनुभव विलक्षण आहे.

१९३५ मध्ये फाउल्ड्स भारतात आला आणि पुढे दिल्लीच्या आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला. ठरावीक पट्ट्यांच्या हार्मोनियमवर भारतीय सूर नीट लागत नाहीत, असं त्याचं ठाम मत होतं. आकाशवाणीच्या नियतकालिकात त्याने तसा लेखही लिहिला. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशकं टिकली. गोविंदराव टेंब्यांच्या पेटीवर जीव टाकणाऱ्या महाराष्ट्राला ही बंदी जिव्हारी लागली होती. तिच्यामागच्या मतांत या मँचेस्टरच्या माणसाचंही मत होतं. मला त्याचा निष्कर्ष पटत नाही, पण त्याचा कान खरा होता हे नाकारता येत नाही.

बंदी पाहायला तो उरलाच नाही. एप्रिल १९३९ मध्ये कोलकात्यात पटकीने त्याचा मृत्यू झाला. भारतात लिहिलेल्या कित्येक रचना हरवल्या. १९७० च्या दशकात माल्कम मॅकडोनल्ड या संगीतलेखकाने चौकशी करत त्याच्या मुलीचं घर गाठलं. तिने त्यांना गॅरेजमध्ये नेलं. तिथे शवपेटीएवढ्या दोन पेट्या होत्या, फाउल्ड्सच्या कागदांनी भरलेल्या. भारतात असतानाच त्यांतले काही कागद उंदरांनी आणि मुंग्यांनी खाल्ले होते. उरलेलं मॅकडोनल्ड यांनी लावलं, वाचलं, त्यावर पुस्तक लिहिलं. त्यानंतर कॅथरिन स्टॉट यांच्यासारख्या वादकांनी ‘एसेज’ ध्वनिमुद्रित केले.

ज्यांनी दार आतून लावून घेतलं

बोवेनने आपले २४ प्रिल्यूड ज्यांना अर्पण केले ते होते कैखुश्रू शापुरजी सोराबजी (१८९२–१९८८). जन्म इंग्लंडमधल्या एसेक्सचा, आई इंग्रज आणि वडील मुंबईचे पारशी स्थापत्य अभियंते. वडिलांनी मागे ठेवलेल्या पैशामुळे सोराबजींना पोटासाठी संगीत विकावं लागलं नाही, आणि त्यांनी ते विकलं नाहीच. ‘ओपस क्लाव्हिचेंबालिस्टिकुम’ ही त्यांची रचना १९३० साली पुरी झाली. चार तासांहून अधिक लांबीची ही रचना त्याच वर्षी १ डिसेंबरला ग्लासगोत त्यांनी स्वतः वाजवली. १९३६ मध्ये दुसऱ्या एका वादकाने तिचा काही भाग लंडनमध्ये फारच संथपणे वाजवला. त्यानंतर सोराबजींनी आपल्या रचना जाहीरपणे वाजवायला संमती देणंच बंद केलं. हा नकार १९७६ पर्यंत टिकला. मग योंटी सॉलोमन यांना परवानगी मिळाली आणि दार किलकिलं झालं.

एव्हाना हस्तलिखितं अकरा हजार पानांच्या पुढे गेली होती. ती वाचणं हीच एक तपश्चर्या. नेहमीच्या युरोपीय लेखनात एखाद्या सुरापुढे कोमल किंवा तीव्र केल्याची खूण आली की ती त्या मात्राखंडाच्या रेषेपर्यंत लागू असते. सोराबजींच्या लेखनात ती साधारणपणे त्या एकाच सुरापुरती. घाईने लिहिताना खूण राहून गेली असेल तर पुढच्या माणसाने काय समजायचं? अलिस्टेर हिंटन यांनी जमवलेल्या संग्रहाच्या आधारे संपादकांनी वर्षानुवर्षं बसून हे गुंते सोडवले आणि स्वच्छ प्रती केल्या. २०२० मध्ये जोनाथन पॉवेल यांनी ‘सेक्वेन्शिया सिक्लिका’ ही आठ तासांहून लांब रचना सात सीडींवर आणली.

शोध लागतो म्हणजे नेमकं काय होतं?

या सगळ्या कथांत एक वाट समान दिसते. सुरुवात ग्रंथालयात होते. ब्रिटनमध्ये १७१० च्या कायद्यापासून छापलेल्या पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांत जमा करायची पद्धत आहे. संगीताच्या प्रतीही अशाच जमत गेल्या, म्हणून पिंटो सापडू शकला. मग संपादक बसतो. पहिली छापील प्रत आणि हस्तलिखित शेजारी ठेवून तो छपाईची चूक कुठे, रचनाकाराची दुरुस्ती कुठे हे ठरवतो.

त्यानंतर वादकाची पाळी. त्याची अडचण आपल्याला लगेच कळेल. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकातून एखादी बंदिश उचलावी आणि ती कुणाकडून कधीच ऐकलेली नसावी, अशी ती अवस्था. सूर दिसतात, चाल कळते, पण श्वास कुठे घ्यायचा, कुठे थांबायचं हे सांगणारं कुणी नसतं. बीथोव्हन वाजवताना शंभर जणांची ध्वनिमुद्रणं मागे उभी असतात. पिंटो वाजवणाऱ्याच्या मागे कुणीच नसतं. माझ्या मते म्हणूनच अशी काही ध्वनिमुद्रणं फार ताजी वाटतात.

शेवटचा टप्पा पैशाचा. मोठ्या कंपन्या या संगीताकडे फिरकल्या नाहीत, काम केलं ते छोट्यांनी. बकिंगहॅमशरच्या रिचर्ड इटर यांनी १९५९ मध्ये ‘लिरिटा’ सुरू केली आणि आरंभीच बॅक्स आणि आयर्लंड या ब्रिटिश रचनाकारांचं पियानो संगीत काढलं. हायपेरियन उभी करताना टेड पेरी यांनी भाड्याची गाडी आणि आइस्क्रीमची व्हॅन चालवून पैसे जमवले. त्यांचा हिशेबही चुकीचा नव्हता. बीथोव्हनच्या ‘मूनलाइट’ सोनाटाची आणखी एक सीडी काढली तर ती शेकडो सीडींशी झुंजते. बोवेनच्या रचनेची पहिलीच सीडी काढली तर समोर प्रतिस्पर्धीच नसतो, आणि ज्याला ती हवी आहे त्याला हीच घ्यावी लागते.

२००६ मध्ये एका संगीत-विद्यार्थ्याने स्वामित्वहक्क संपलेल्या संगीताचं इंटरनेटवर मोफत ग्रंथालय सुरू केलं आणि ब्रिटिश लायब्ररीच्या दारापर्यंत जाण्याची गरजही कमी झाली. स्वामित्वहक्काची मुदत देशोदेशी वेगळी आहे. ब्रिटनमध्ये मृत्यूनंतर ७० वर्षं, भारतात ६०. त्यामुळे बोवेनच्या हयातीत छापलेल्या रचना भारतात १ जानेवारी २०२२ पासून मुक्त झाल्या, ब्रिटनमध्ये त्या २०३१ अखेरपर्यंत बंधनात आहेत.

चौकट : ऐकायला कुठून सुरुवात करावी?

जॉन फील्डचं पाचवं नॉक्टर्न : तीन-चार मिनिटांचं. शोपँ आवडत असेल तर इथूनच सुरुवात करा.

पिंटोचा ई-फ्लॅट मायनर सोनाटा : १८०३ हे साल लक्षात ठेवून ऐका.

बेनेटची तीन चित्रं, ओपस १० : सकाळच्या वेळी.

बेन्सचं ‘गुडनाइट टू फ्लॅम्बरो’ : यॉर्कशरच्या किनाऱ्यावरची संध्याकाळ. एरिक पार्किन यांचं वादन मिळालं तर उत्तम.

बोवेनचे २४ प्रिल्यूड : स्टीफन हफ यांनी त्यांतले निवडक वाजवले आहेत.

फाउल्ड्सचे ‘एसेज इन द मोड्स’ : पेटी जवळ असेल तर आधी सात सूर शोधून काढा, मग ऐका.

सोराबजींचं ‘गुलिस्तान’ : सुमारे अर्ध्या तासाचं. चार तासांच्या रचनेकडे नंतर वळा.

आणि आपल्या घरातली कपाटं

वांद्र्याच्या, पणजीच्या, पुण्याच्या कॅम्पातल्या जुन्या घरांत पियानोच्या बैठकीचं झाकण उचललं की आत पिवळ्या पडलेल्या छापील प्रतींचे गठ्ठे निघतात. लंडनहून बोटीने आलेल्या, आजीने किंवा पणजीने परीक्षेसाठी आणलेल्या, कोपऱ्यात पेन्सिलीने बोटांचे आकडे घातलेल्या. घर विकताना पियानोला गिऱ्हाईक मिळतं आणि हे गठ्ठे रद्दीत जातात. तसा गठ्ठा तुमच्या हाती आला तर तो देऊन टाकण्याआधी प्रत्येक प्रतीच्या पहिल्या पानाचा फोटो काढा, रचनाकाराचं आणि प्रकाशकाचं नाव उतरवून घ्या, आणि जवळच्या संगीतशाळेला किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाला विचारा. घरात परीक्षेची तयारी करणारं मूल असेल तर पुस्तकातली अनोळखी नावाची रचना त्याला आधी वाजवायला सांगा, आणि शेजारी बसून ऐका.